अर्ध्या हंगामाचा कोच: नावांची यादी इतिहास म्हणून कशी वाचायची?

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "ताई, साधनं मिळाली, आता त्यांचं करायचं काय?" उत्तर सोपं नाही. त्यामुळे नुसते नियम सांगण्यापेक्षा माझी स्वतःची एक चूक सांगते. ती चूक माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर होती, आणि तुमच्याही पहिल्या पानावर तिचं एखादं भावंड बसलेलं असण्याची शक्यता आहे.

माझा विषय खेळातल्या प्रशिक्षकांच्या कामाचा इतिहास. म्हणजे जिंकणं-हरणं नव्हे, तर प्रशिक्षक हे पद कसं घडलं, त्या पदावरचा माणूस दिवसभर काय करायचा, त्याच्याबरोबर कोण असायचं आणि त्यांतल्या कुणाची नोंद राहिली. त्यातलं एक प्रकरण अमेरिकेतल्या दुय्यम व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर आहे. तिथल्या एका संघाबद्दल मी असं लिहिलं होतं: "ऑल्बनी पट्रून्स हा संघ म्हणजे मोठ्या प्रशिक्षकांची शाळा होती. फिल जॅक्सन, बिल मसलमन आणि जॉर्ज कार्ल हे तिघेही इथून एनबीएत पोहोचले."

गाइडनी वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, "जॅक्सनच्या आधी कोण होतं?"

मला नाव माहीत होतं. पण ते लिहावं असं वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं, त्याबद्दलच आजची पोस्ट आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

बास्केटबॉल न बघणाऱ्यांसाठी: अमेरिकेत सगळ्यात वरची लीग एनबीए. तिच्याखाली नेहमीच छोट्या लीग राहिल्या. तिथे खेळाडूंना पगार मिळतो, पण कमी. हॉल लहान, प्रवास लांबचे, आणि सगळ्यांचं लक्ष वरून कधी फोन येतो याकडे. पंजाबचा सतनाम सिंग २०१५च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने निवडला तेव्हा आपल्याकडे मोठ्या बातम्या झाल्या. तो प्रत्यक्षात खेळला तो टेक्सस लेजंड्स या अशाच खालच्या लीगमधल्या संघाकडून.

या छोट्या लीगमधली सगळ्यात चिवट लीग १९४६ साली पेनसिल्व्हेनियात सुरू झाली. एनबीएची मूळ संस्थाही त्याच वर्षातली, पण ही तिच्याहून काही आठवडे आधीची. सुरुवातीला तिला ईस्टर्न लीग म्हणत. १९७८मध्ये नाव बदलून ती कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे सीबीए झाली. २००९पर्यंत ती पडत-धडपडत चालली. मध्ये १९९९मध्ये माजी खेळाडू आयझेया थॉमसने ती अख्खी विकत घेतली आणि २००१मध्ये ती बंद पडली. नंतर पुन्हा उभी राहिली, पण आधीचा जोर आला नाही. २००१मध्येच एनबीएने स्वतःची दुय्यम लीग काढली. तिला आधी डी-लीग आणि २०१७पासून जी लीग म्हणतात.

ऑल्बनी ही न्यूयॉर्क राज्याची राजधानी. १९८२मध्ये तिथे सीबीएचा संघ आला. 'पट्रून' म्हणजे डच वसाहतीच्या काळातले तिथले जमीनदार. त्यावरून संघाचं नाव पडलं. सामने वॉशिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या जुन्या आर्मरीत, म्हणजे सैन्याच्या कवायतीसाठी बांधलेल्या इमारतीत व्हायचे.

पहिलं नाव

पट्रून्सचे पहिले प्रशिक्षक डीन मेमिंजर. न्यूयॉर्क निक्सने १९७३मध्ये एनबीएचं विजेतेपद मिळवलं तेव्हा ते त्या संघात होते. फिल जॅक्सनही त्याच संघात होते. म्हणजे दोघे जुने सहकारी. १९८२–८३च्या पहिल्याच हंगामात मेमिंजरना मध्येच काढलं गेलं आणि जॅक्सनना आणलं.

आता हे वाचताना तुमच्या मनात काय चित्र येतं? माझ्या मनात असं आलं होतं: पहिला माणूस कच्चा होता, जमलं नाही, मग गुणी माणूस आला. मेमिंजर म्हणजे प्रस्तावना आणि जॅक्सन म्हणजे ग्रंथ.

गाइडच्या प्रश्नानंतर मी दोघांची कारकीर्द शेजारी-शेजारी मांडली, फक्त १९८२पर्यंतची. हे "फक्त १९८२पर्यंतची" महत्त्वाचं आहे, त्याकडे पुन्हा येऊ. जॅक्सन तोवर न्यू जर्सी नेट्सकडे साहाय्यक प्रशिक्षक होते, पण व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक कधीच नव्हते. मेमिंजर मात्र होते. १९८०मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या महिला व्यावसायिक लीगचं विजेतेपद न्यूयॉर्क स्टार्सने मिळवलं, त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक मेमिंजरच होते. म्हणजे पट्रून्सकडे आले तेव्हा अनुभवाने आणि यशाने वरचढ कोण होतं? मेमिंजर.

मग माझ्या टिपणात ते का नव्हतं? कारण ते यश महिलांच्या लीगमधलं होतं. विजेतेपद मिळवून तो संघ त्या हंगामानंतर बंद पडला. पुढे १९८१मध्ये लीगही बंद पडली. बंद पडलेल्या महिला लीगमधलं विजेतेपद मी "अनुभव" या रकान्यात धरलंच नव्हतं. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. रकाना मीच आखला होता.

मेमिंजर २०१३मध्ये वारले. आज त्यांचं नाव या संदर्भात निघतं ते बहुधा "जॅक्सन यांच्या आधीचे" म्हणूनच.

इथे घाई करून उलट टोकाला जाऊ नका. मेमिंजर कृष्णवर्णीय होते आणि जॅक्सन गोरे. तेव्हा बदलाचं कारण वर्णभेद, असं एका ओळीत लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. वर्णाचा प्रश्न विचारायलाच हवा, पण एका जोडीवरून त्याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी लीगमधल्या सगळ्या नेमणुका आणि सगळ्या हकालपट्ट्या मांडाव्या लागतील. एक उदाहरण प्रश्न उभा करतं, सिद्ध काही करत नाही.

आठवणी आणि बखरी

जॅक्सन ऑल्बनीत १९८७पर्यंत राहिले. १९८४मध्ये संघाने विजेतेपद मिळवलं आणि १९८५मध्ये ते लीगचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. उन्हाळ्यात ते पोर्तो रिकोतल्या लीगमध्ये प्रशिक्षण द्यायचे. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: शिकागो बुल्सबरोबर ६ आणि लेकर्सबरोबर ५, अशी एनबीएची ११ विजेतेपदं.

ऑल्बनीच्या दिवसांबद्दल त्यांनी आपल्या पुस्तकांत लिहिलं आहे. सगळ्या खेळाडूंना सारखाच पगार द्यायला त्यांनी व्यवस्थापनाला कसं पटवलं, खेळण्याची मिनिटं कशी वाटून दिली, संघाची व्हॅन स्वतः कशी चालवली. वाचायला फार छान आहे. आणि तिथेच धोका आहे.

आपल्याकडे इतिहास शिकणाऱ्याला हा धोका नवा नाही. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली तेव्हा त्यांचा भर कशावर होता? बखरीपेक्षा अस्सल पत्रांवर. कारण पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसतं. बखरकाराला शेवट ठाऊक असतो, त्यामुळे तो सुरुवातही शेवटाला शोभेल अशी सांगतो. म्हणून बखर खोटी ठरत नाही. तिच्यात जे नाही ते पत्रांत मिळतं आणि उलटही. पण ती कधी लिहिली गेली हे लक्षात ठेवून वाचावी लागते.

११ विजेतेपदं मिळवलेल्या प्रशिक्षकाचं आत्मकथन ही बखर आहे. सारखा पगार ही गोष्ट आज "महान प्रशिक्षकाच्या संघभावनेची पहिली खूण" म्हणून वाचली जाते. तीच गोष्ट १९८४च्या ऑल्बनीत मजुरीचा प्रश्न म्हणून वाचून बघा. सगळ्यांनाच थोडा पगार. प्रत्येकाला उद्या एनबीएचा फोन यावा असं वाटतंय. फोन यायचा तर आकडे हवेत, आकडे हवेत तर चेंडू आपल्या हातात हवा. अशा दहा माणसांना एकमेकांकडे चेंडू द्यायला कसं लावायचं? पगार आणि मिनिटं सारखी करणं हा त्या विशिष्ट अडचणीवरचा व्यवहारी उपाय होता. तो चांगला उपाय होता यात वाद नाही. पण तो समजायला बुल्सची गरज नाही, सीबीएची गरज आहे.

आणि व्हॅन? किश्शातला सगळ्यात गोड तपशील तोच. मी सुरुवातीला तो टिपणवहीत "साधेपणा" या शीर्षकाखाली टाकला होता. आता तो "कामाची व्याप्ती" या शीर्षकाखाली आहे. प्रशिक्षक ड्रायव्हर का होतो? कारण ड्रायव्हरचा पगार अंदाजपत्रकात नसतो. त्या काळच्या सीबीएत कोचिंग स्टाफ म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस, आणि नशीब असेल तर त्याच्याबरोबर एक साहाय्यक.

जॅक्सन यांचे साहाय्यक होते चार्ली रोझन. ते मुळात लेखक. १९७५मध्ये जॅक्सन यांचं 'मॅव्हरिक' हे पहिलं आत्मकथन आलं, ते या दोघांनी मिळून लिहिलेलं. रोझन पुढे स्वतः सीबीएत मुख्य प्रशिक्षक झाले. एनबीएत मात्र गेले नाहीत. त्यांनी सीबीएवर १९९२मध्ये एक कादंबरी लिहिली, तिच्या नावातच त्या लीगला झुरळांची लीग म्हटलंय. एकाच बाकावर बसलेली दोन माणसं. एकाला तो बाक पुढच्या प्रवासाची सुरुवात म्हणून आठवतो, दुसऱ्याला झुरळं आठवतात. प्रशिक्षकाच्या कामाचा इतिहास लिहायचा तर मला दोघांचीही साक्ष लागते. आणि दुसऱ्याची साक्ष कादंबरीच्या रूपात आहे म्हणून ती टाकून देता येत नाही. ती कशी वापरायची तेवढं ठरवावं लागतं.

जिंकलात तर खेळाडू जाणार

जॅक्सन यांच्यानंतर १९८७–८८च्या हंगामासाठी बिल मसलमन आले. त्या हंगामात संघाने ४८ सामने जिंकले आणि ६ हरले. शिवाय विजेतेपद. मसलमन यांचं ते सीबीएतलं सलग चौथं विजेतेपद होतं.

हा आकडा वाचून तुम्हाला वाटेल, काय पक्का संघ असेल! पण संघ पक्का नसणं हाच सीबीएचा नियम होता. एनबीएचे संघ हंगामाच्या मध्येही खालून खेळाडू उचलायचे, कधी दहा दिवसांच्या करारावरसुद्धा. त्याच हंगामात टोनी कॅम्पबेल हा ऑल्बनीचा प्रमुख स्कोअरर लेकर्सनी शेवटाकडे नेला आणि त्या वर्षी लेकर्स एनबीएचे विजेते झाले. प्रशिक्षकाने खेळाडू घडवला तर तो जातो, नाही घडवला तर संघ हरतो. म्हणजे सरावाइतकंच महत्त्वाचं दुसरं काम होतं: उद्याच्या रिकाम्या जागेसाठी आज फोन करत राहणं. हे काम सामन्याच्या अहवालात कुठेच दिसत नाही.

त्यात सीबीएची गुणपद्धत वेगळी. सामना जिंकला तर ३ गुण, आणि चारपैकी प्रत्येक क्वार्टर जिंकल्याचा १ गुण. एका सामन्याचे एकूण ७. याचा प्रशिक्षकावर काय परिणाम होतो, विचार करा. २० गुणांनी पुढे असलात तरी शेवटच्या क्वार्टरमध्ये राखीव खेळाडू उतरवून निवांत बसता येत नाही, कारण तो क्वार्टर हातचा जाईल. आणि सामना हरल्यात जमा असला तरी शेवटच्या १२ मिनिटांत झगडायला कारण उरतं. म्हणून सीबीएच्या प्रशिक्षकाची मिनिटांची वाटणी एनबीएच्या चष्म्यातून वाचली तर चुकीची वाचली जाते. नियमपुस्तिका हे रटाळ साधन वाटतं. पण माणसं जे करत होती ते तसं का करत होती, हे अनेकदा तिथेच सापडतं.

शिडी की एस.टी. स्टँड?

आता माझ्या मूळ वाक्याकडे येऊ: "इथून एनबीएत पोहोचले."

मसलमन १९८९मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज या नव्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले हे खरं. पण त्याआधी १९८० ते १९८२ या काळात ते एनबीएतल्याच क्लीव्हलंडचे प्रशिक्षक राहिले होते. जॉर्ज कार्लही तसेच. आधी मोंटाना गोल्डन नगेट्स हा सीबीए संघ, मग एनबीएत क्लीव्हलंड, मग गोल्डन स्टेट, आणि तिथून खाली ऑल्बनी. मग स्पेनमध्ये रियाल माद्रिद, मग पुन्हा ऑल्बनी, पुन्हा माद्रिद, आणि १९९२मध्ये सिअॅटल.

म्हणजे माझ्या तीन "शाळेच्या विद्यार्थ्यां"पैकी दोघे एनबीएचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेल्यावर त्या शाळेत आले होते! शिडीचं रूपक तिथेच कोसळलं. शिडीवर माणूस एकाच दिशेने चढतो. इथे माणसं वरून येत होती, थांबत होती, तिसरीकडेच जाऊन परत येत होती. मला आता हा संघ एस.टी. स्टँडसारखा दिसतो. स्टँडवर उभा असलेला प्रत्येक जण मुंबईलाच निघालाय असं तुम्ही म्हणू शकत नाही. काही जण मुंबईहून परत आलेत, काहींची गाडी चुकलीय, आणि काही जण रोज तिथेच काम करतात.

कार्ल यांच्या १९९०–९१च्या हंगामात ऑल्बनीने ५० सामने जिंकले आणि ६ हरले. घरच्या मैदानावर २८ पैकी २८. आणि तरी विजेतेपद मिळालं नाही. त्या संघातला मारिओ एली त्याच हंगामात एनबीएत गेला आणि पुढे तिथे त्याने तीन विजेतेपदं पाहिली. कार्ल यांच्याबरोबर साहाय्यक म्हणून टेरी स्टॉट्स होते. त्यांचं प्रशिक्षणातलं हे पहिलंच वर्ष. ते पुढे कार्ल यांच्याबरोबर सिअॅटलला गेले आणि नंतर एनबीएत मुख्य प्रशिक्षक झाले. ओळखीतून जाणारी ही वाट नोकरीच्या जाहिरातीत नसते. ती शोधायची तर मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारचं नाव बघावं लागतं.

पण स्टॉट्स सापडले म्हणून लगेच टाळ्या नकोत, कारण हे नावही मला सापडलं ते पुढे प्रसिद्ध झालं म्हणूनच. संशोधनात याला टिकून राहिलेल्यांचा पक्षपात म्हणतात. परत आलेल्या माणसांनाच विचारलं तर वाट सोपीच निघते. "दुय्यम लीगमधून प्रशिक्षक वर जातात" हे विधान तपासायचं असेल तर छेदात कोण आहे ते सांगावं लागेल. सीबीएत ऐंशीच्या दशकात एका हंगामात डझनभराच्या आसपास संघ असायचे. त्या सगळ्या बाकांवरचे सगळे प्रशिक्षक, हंगामाच्या मध्ये आलेले-गेलेले धरून, म्हणजे छेद. माझ्या सिनॉप्सिसमध्ये अंशस्थानी तीन नावं होती आणि छेद नव्हताच.

अर्ध्या हंगामाची अडचण

मेमिंजर हे अपवाद असतील असं वाटत असेल, तर थोडं मागे चला. १९६१मध्ये एनबीएला आव्हान द्यायला अमेरिकन बास्केटबॉल लीग निघाली. दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण ही कल्पना तिनेच व्यावसायिक खेळात आणली. ती जेमतेम दीड हंगाम टिकली. तिच्यातल्या क्लीव्हलंड पायपर्स संघाचे प्रशिक्षक होते जॉन मॅक्लेंडन.

मॅक्लेंडन कॅन्सस विद्यापीठात शिकले. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ तिथे त्यांचे मार्गदर्शक होते. कृष्णवर्णीय असल्यामुळे विद्यापीठाच्या संघात मात्र त्यांना खेळता येत नव्हतं. पुढे टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला त्यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पायपर्सकडे ते व्यावसायिक लीगमधल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांपैकी एक ठरले. संघाचे मालक होते जॉर्ज स्टाइनब्रेनर, जे पुढे बेसबॉलमधल्या यँकीज संघाचे मालक म्हणून गाजले. खेळाडूंच्या पगारावरून मालकाशी वाजलं आणि १९६२च्या जानेवारीत मॅक्लेंडन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी बिल शार्मन आले. पायपर्सनी त्या वर्षीचं विजेतेपद मिळवलं.

विजेत्या संघाचा प्रशिक्षक कोण? यादीत शार्मन. यादी खोटं बोलत नाही, ते शेवटी बाकावर होतेच. पण यादीत एका ओळीला एकच रकाना आहे, आणि तो हंगामाच्या शेवटच्या दिवशी भरला जातो. मॅक्लेंडन यांना पुढे मान मिळाला. नेस्मिथ यांच्याच नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना १९७९मध्ये खेळातल्या योगदानासाठी घेतलं. प्रशिक्षक म्हणून घेतलं ते २०१६मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी.

रकान्यांचा खेळ आणखी एका ठिकाणी दिसतो. पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या महिला प्रशिक्षकांची गोष्ट बरेच जण २०१४पासून सांगतात, बेकी हॅमन सॅन अँटोनिओ स्पर्सच्या साहाय्यक झाल्या तिथून. मुख्य प्रशिक्षकाचा रकाना आणि दुय्यम लीग बघणारे थोडं मागे जातात: नॅन्सी लिबरमन, २०१०–११, टेक्सस लेजंड्स, म्हणजे सतनाम पुढे ज्या संघात खेळला तोच. पण साहाय्यकाचा रकाना उघडलात तर २००१मध्येच स्टेफनी रेडी दिसतात, ग्रीनव्हिल ग्रूव्ह या संघाच्या बाकावर. डी-लीगचा तो पहिलाच हंगाम आणि पहिलं विजेतेपदही त्याच संघाचं. २००३मध्ये संघ बंद पडला, रेडी टीव्हीवर समालोचनाकडे वळल्या. कोणता रकाना उघडायचा एवढ्या एका निर्णयावर कहाणीची सुरुवात १३ वर्षांनी मागे-पुढे होते.

पद तेच, काम वेगळं

शेवटची अडचण शब्दाची. १९८४चा "मुख्य प्रशिक्षक" आणि आजचा "मुख्य प्रशिक्षक" हे एकच पद आहे का?

सीबीएत प्रशिक्षकाला नेमायचा तो स्थानिक मालक. त्याला विजय हवेत, कारण त्याला तिकिटं विकायची आहेत. जी लीगमध्ये २०२४–२५ला ३१ संघ होते आणि त्यांतले जवळपास सगळे कुठल्या ना कुठल्या एनबीए संघाला जोडलेले. तिथे प्रशिक्षकाबरोबर अनेक साहाय्यक असतात, व्हिडिओचं काम बघणारे, फिटनेस आणि दुखापती बघणारे वेगळे. व्हॅन आता कोच चालवत नाही. पण खेळ कसा खेळायचा हेही बहुधा वरून ठरतं.

रिओ ग्रँड व्हॅली व्हायपर्सचं उदाहरण घ्या. २००९मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सनी त्या संघाच्या खेळाची बाजू आपल्याकडे घेतली, धंद्याची बाजू स्थानिक मालकांकडेच राहिली. २०१०मध्ये क्रिस फिंच आणि २०१३मध्ये निक नर्स यांच्या हाताखाली संघ विजेता झाला. २०१३–१४मध्ये हा संघ एका सामन्यात सरासरी ४५च्या आसपास तीन गुणांचे प्रयत्न करत होता, जेव्हा एनबीएची सरासरी २१-२२ होती. वरच्या संघाला एक कल्पना ताणून बघायची होती आणि खालचा संघ ही त्याची प्रयोगशाळा होती. नर्स पुढे २०१९मध्ये टोरांटोबरोबर एनबीए जिंकले. मेन रेड क्लॉजचे एकेकाळचे साहाय्यक जो मझुला २०२४मध्ये बॉस्टनबरोबर, आणि ओक्लाहोमा सिटी ब्लूचे प्रशिक्षक राहिलेले मार्क डेग्नो २०२५मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरबरोबर. या काळापुरता शिडीचा शब्द कदाचित चालेलही, कारण इथे वरच्या संघाने खरोखरच शिडी लावलीय. पण आजची शिडी १९८४च्या आर्मरीत नेऊन उभी करणं, हीच तर माझी चूक होती.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय बास्केटबॉल नसणार. सहकारी साखर कारखान्याचं संचालक मंडळ असेल, नाटक कंपनी असेल, एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक असतील. पण तुमच्या टेबलावरही नावांची एक यादी येणारच. तेव्हा इतकं करा.

पहिलं, यादी ज्या तारखेची आहे त्या तारखेला थांबा. तिथल्या माणसांना पुढचं माहीत नव्हतं, तर तुम्हीही तेवढ्यापुरतं विसरा. मेमिंजर आणि जॅक्सन यांची तुलना १९८२च्या डिसेंबरात उभं राहून केली तर वेगळीच निघते.

दुसरं, रकाने कुणी आखले ते बघा. मध्येच गेलेले, साहाय्यक, बंद पडलेल्या संस्थेत काम केलेले, यांना रकानाच नसतो. कधी यादी करणाऱ्याने तो आखलेला नसतो, आणि कधी, माझ्यासारखा, आपणच पुसलेला असतो.

तिसरं, अंश लिहिताना छेद लिहा. तो मिळत नसेल तर विधान लहान करा. लहान विधान लिहिताना वाईट वाटतं, पण व्हायव्हाला तेच उभं राहतं.

चौथं, पदाचं नाव वाचून काम गृहीत धरू नका. त्या वर्षी, त्या ठिकाणी, तो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत काय करत होता ते शोधा. नियमपुस्तिका, अंदाजपत्रक, प्रवासाची वेळापत्रकं, स्थानिक वर्तमानपत्राचं खेळाचं पान, हे सगळं त्यासाठीच आहे.

माझं ते वाक्य आता असं आहे: "१९८२ ते १९९१ या काळात ऑल्बनी पट्रून्सच्या बाकावर आलेले प्रशिक्षक वेगवेगळ्या दिशांनी आले आणि वेगवेगळ्या दिशांना गेले. त्यांपैकी पहिले डीन मेमिंजर." आधीच्या वाक्याइतकं ते झोकदार नाही. गाइडनी या वेळी पेन्सिल उचलली, थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "दिशांनी म्हणजे कुठून कुठून? तक्ता कुठंय?"

तक्ता करायला घेतलाय. तुम्हीही तुमची यादी काढा, आणि तिच्यातलं सगळ्यात कमी ओळींचं नाव कुठलं ते कमेंटमध्ये सांगा. पुढच्या पोस्टमध्ये त्यातली दोन-तीन नावं घेऊन बोलू.